निवडून आलेलं सरकार आणि लोकशाहीची पडझड

प्रश्न : सरकार लोकांनीच बहुमताने निवडून दिलेलं असतं, कायदे संसदेतच होतात. मग ‘लोकशाही धोक्यात आहे’ ही हरलेल्यांची ओरड नाही तर काय?

उत्तर : कधीकधी ती नुसती ओरडच असते, हे मान्य. पण एकही कायदा न मोडता लोकशाही पोखरता येते. राज्यशास्त्र शिकवताना मी यासाठी नेहमी हंगेरीचं उदाहरण घ्यायचो. तिथे रस्त्यावर रणगाडे आले नाहीत. जे झालं ते संसदेत मतदान घेऊन, राजपत्रात छापून झालं.

एप्रिल २०१० मध्ये व्हिक्टर ऑर्बान यांच्या फिडेस पक्षाला साधारण ५३ टक्के मतं आणि दोन-तृतीयांश जागा मिळाल्या. राज्यघटना बदलायला तेवढ्या पुरेशा होत्या. वर्षभरात नवी घटना मंजूर झाली आणि १ जानेवारी २०१२ पासून लागूही झाली.

आता आंद्राश बाका यांचं काय झालं ते बघा. ते सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष, संसदेनेच २००९ मध्ये सहा वर्षांसाठी निवडलेले. न्यायाधीशांच्या निवृत्तीचं वय ७० वरून ६२ वर आणायला त्यांचा विरोध होता आणि तो त्यांनी संसदेत उभं राहून मांडला. त्यांना कुणी बडतर्फ केलं नाही. नव्या घटनेत सर्वोच्च न्यायालयाचं नाव ‘कुरिया’ झालं आणि तिच्या अध्यक्षाला हंगेरीत न्यायाधीश म्हणून किमान पाच वर्षांचा अनुभव हवा, अशी अट आली. बाका स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात १७ वर्षं न्यायाधीश होते, पण ती वर्षं हिशेबात धरली गेली नाहीत. साडेतीन वर्षं शिल्लक असताना त्यांचं पद गेलं. २०१६ मध्ये स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने अंतिम निकाल त्यांच्या बाजूने दिला, पण तोवर त्यांची मूळ मुदतही उलटून गेली होती.

नावातला बदल, अनुभवाची अट, निवृत्तीचं वय. सुटं सुटं पाहिलं तर प्रत्येक गोष्टीचं समर्थन करता येतं, आणि केलंही गेलं. एकत्र पाहिलं की कळतं, सरकारला ‘हे चालणार नाही’ असं सांगू शकणारी माणसं एकेक करून बाजूला होत होती. मला यातली सगळ्यात घातक गोष्ट वाटते ती ही, की न्याय मिळाला तरी फार उशिरा मिळतो. निवृत्तीच्या वयाचा नियम युरोपीय संघाच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये चुकीचा ठरवला, तेव्हा अनेक पदांवर नवे लोक रुजूही झाले होते.

मग निवडणुकीचे नियम बदलले. जागा ३८६ वरून १९९ वर आणल्या, मतदारसंघ नव्याने आखले, पहिल्या फेरीत निकाल न लागल्यास होणारी मतदानाची दुसरी फेरी काढून टाकली. २०१४ मध्ये फिडेसची मतं ४५ टक्क्यांच्या आसपास उतरली, तरी जागा पुन्हा दोन-तृतीयांश.

वृत्तपत्रांचंही तेच. ‘नेपसाबादशाग’ हे विरोधी सुराचं मोठं दैनिक ८ ऑक्टोबर २०१६ रोजी मालकांनी तोट्याचं कारण देऊन एकाएकी थांबवलं. त्याच महिन्यात ती प्रकाशन कंपनी सत्तेच्या जवळच्या वर्तुळात विकली गेली.

प्रश्न : तरीही निवडणुका होतातच. पुढच्या वेळी लोक सरकार पाडू शकतात ना?

उत्तर : पाडू शकतात. पोलंडमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये ७४ टक्के मतदान झालं आणि आठ वर्षं सत्तेत असलेल्या ‘कायदा आणि न्याय’ पक्षाचं बहुमत गेलं. म्हणून मतदानाला काही अर्थ उरला नाही, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. आधीच्या सरकारच्या काळात वादग्रस्त पद्धतीने नेमलेले न्यायाधीश आपापल्या जागी होतेच, आणि त्यांनी दिलेल्या निकालांवर सामान्य माणसांचे घटस्फोट, वारसाहक्क, कर्जाचे दावे उभे होते. त्या न्यायाधीशांना एका फटक्यात काढावं, तर नवं सरकारही जुन्याच वाटेने जातं. ठेवावं, तर न्यायालयावरचा विश्वास परत येत नाही. शिवाय दुरुस्तीच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही लागते, आणि ते पद अजूनही आधीच्या पक्षाच्या पाठिंब्याने निवडून आलेल्या माणसाकडेच होतं.