ओट्याच्या 4 काँक्रीट पायऱ्यांना किती खर्च येईल?

आधी घनफूट काढा, दर नंतर. तुमच्या 4 पायऱ्या 4 फूट रुंद, 6 इंच उंच आणि पाऊल ठेवायला 1 फूट धरल्या, तर भरीव काँक्रीट 20 घनफूट होतं. एकास दीड, तीन (सिमेंट, वाळू, खडी) या मालाला सिमेंट साडेचार पोती (5 आणा, सांडलवंड होतेच), वाळू साधारण 9 आणि खडी 17 घनफूट लागेल. पोत्याला 350 ते 400 रुपये धरा, म्हणजे सिमेंट दोन हजारांपर्यंत.

खरी मेख वाळू-खडीत. दोन्हींपैकी एकही पाव ब्रास (ब्रास म्हणजे 100 घनफूट) लागत नाही, पण टेम्पोवाला भाडं पूर्ण घेतो. शेजारी कुणाचं बांधकाम चालू असेल तर त्यांच्याकडूनच घमेल्यांनी मोजून घ्या. गवंडी आणि बिगारी दोन दिवस, साच्याच्या फळ्यांचं भाडं वेगळं. बहुतेक वेळा मजुरीच मालापेक्षा जास्त भरते.

पोटात दगड-मुरूम ठोकून भरलात आणि वर 4 इंच काँक्रीट घेतलंत तर सिमेंट बरंच वाचतं. मात्र मुरूम पाणी मारून नीट दाबा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तडा. लादी बसवणार असाल तर तो हिशेब निराळा.