वारंवार लघवी, जळजळ नाही, शुगर १०४ : कारण कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की वय ४८, दोन महिन्यांपासून दिवसा तासा-दीड तासाला लघवीला जावं लागतं, रात्री तीनदा उठावं लागतं, जळजळ नाही, उपाशीपोटी शुगर १०४. मग कारण काय आणि डॉक्टर कुठला?

डॉक्टरकडे जाण्याआधी मापाचं एक प्लास्टिकचं भांडं आणा आणि तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजा. वहीत वेळ, किती मिली, घाई झाली का आणि काय किती प्यालात (चहासकट) एवढं लिहा. झोपल्यापासून पुढची सगळी आणि सकाळी उठल्यावरची पहिली, ही रात्रीची लघवी धरायची. कंटाळवाणं काम आहे, पण या वहीइतकी माहिती पहिल्या भेटीत दुसरं काहीच देत नाही.

दर वेळी ३००-४०० मिली आणि २४ तासांत ३ लिटरच्या वर होत असेल, तर शरीर लघवीच जास्त बनवतंय. मग शुगर, रक्तातलं कॅल्शियम, किडनी, बीपीसाठीची लघवी वाढवणारी गोळी, किंवा ‘आरोग्यासाठी’ प्यायलेलं पाच लिटर पाणी, यांकडे बघायचं. उलट दर वेळी जेमतेम ८०-१०० मिली आणि एकूण दीड-दोन लिटरच असेल, तर मूत्राशय आणि त्याच्या आसपास शोधायचं : जंतुसंसर्ग, प्रोस्टेट, किडनीतून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळीच्या खालच्या टोकाशी अडकलेला खडा, अतिसंवेदनशील मूत्राशय, अगदी जुनी बद्धकोष्ठतासुद्धा. दिवसा ठीक आणि रात्रीच जास्त होत असेल, तर संध्याकाळी पायांवर येणारी सूज आणि झोपेत घोरताना श्वास अडकणं, या दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगा. या दोन्हींचा लघवीशी संबंध असेल हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

१०४ शुगरने एवढी लघवी होत नाही. साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. पण उपाशीपोटी १०४ आणि जेवणानंतर २२० असंही होतं, म्हणून जेवणानंतर दोन तासांची शुगर आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) करून घ्या. डापाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल तर रक्तातली शुगर बरी असूनही लघवीत साखर दिसते आणि लघवी वाढते. ते औषधाचं कामच आहे, मनाने बंद करू नका.

लघवीची रूटीन तपासणी आणि कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघणं) करा, आणि मेडिकलवाल्याने दिलेली अँटिबायोटिक त्याआधी मुळीच घेऊ नका. दोन गोळ्या पोटात गेल्या तरी कल्चरमध्ये अनेकदा जंतू उगवत नाहीत, आणि मग महिनाभर अंदाजाने औषधं चालतात. सुरुवातीची धार सोडून मधली घ्या, नमुना तासाभरात लॅबमध्ये द्या. पू-पेशी भरपूर पण कल्चर पुन्हा पुन्हा निगेटिव्ह, असं आलं तर आपल्याकडे मूत्रमार्गाच्या टीबीची तपासणी मागायलाच हवी.

सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर किती शिल्लक राहते, ते मोजायला सांगा. इथे एक चूक सर्रास होते : लिटरभर पाणी पाजून फुटेपर्यंत थांबवतात, ताणलेलं मूत्राशय नीट रिकामं होत नाही आणि रिपोर्टमध्ये शिल्लक खोटी वाढते. नेहमीसारखी लागली की मोजणी करून घ्या. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) करायची असेल तर संसर्ग असताना नको, तेव्हा आकडा उगाच चढतो.

पाणी तोडू नका. घट्ट लघवी मूत्राशयाला जास्त टोचते. चहा-कॉफी मात्र आठवडाभर निम्मी करून बघा.

सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून करा. धार बारीक असेल, जोर द्यावा लागत असेल किंवा शिल्लक जास्त आली, तर युरॉलॉजिस्ट. लघवीत रक्त (वेदना नसली तरी), थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं, लघवी पूर्ण अडणं, मांड्यांमध्ये बधिरपणा किंवा पायांत अशक्तपणा, यातलं काहीही दिसलं तर वही-मोजमाप बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.