रिपोर्ट नॉर्मल, मग दम का लागतो?

प्रश्न : मी 20 वर्षांची आहे, विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला शिकते. दोन जिने चढले की छाती धडधडते. दुपारच्या तासाला डोळे मिटतात, एकच पान तीनदा वाचावं लागतं. केस गळतात, आणि हल्ली सारखा बर्फ चघळावासा वाटतो. हिमोग्लोबिन 12.1 आलं, तेव्हा ‘नॉर्मल आहे, ताण घेऊ नकोस’ असं सांगितलं. घरी म्हणतात, आळस आहे. खरंच हे माझ्या मनाचे खेळ आहेत का?

उत्तर : नाहीत. बर्फाचं लिहिलंस ते फार बरं केलंस. बर्फ चघळावासा वाटणं हे लोह कमी झाल्याचं मोठं लक्षण असू शकतं, पण मुद्दाम विचारल्याशिवाय मुली ते सांगतच नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे, गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन एका डेसिलिटरमागे 12 ग्रॅमच्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. तू त्या रेषेच्या जेमतेम वर आहेस. पण लोह कमी पडू लागलं की हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी उतरतं. पगार थांबला की माणूस आधी साठवलेल्या पैशाला हात घालतो, तसं शरीर आधी साठ्यातलं लोह वापरतं. लोह फक्त रक्ताला लागतं असंही नाही. स्नायूंना आणि पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेलाही ते लागतं. म्हणून रिपोर्ट ठीक असतानाही माणूस गळून जातो.

तेव्हा रक्तातलं फेरिटिन तपासून घे; लोह साठवून ठेवणारं हे प्रथिन आहे. साठा किती उरलाय ते त्यातून कळतं. एका मिलिलिटरमागे 15 नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर साठा संपला असं समज. 30 च्या खाली असेल तरी मी तुझ्यासारख्या मुलीला उपचार सुचवते. ताप किंवा संसर्ग असताना मात्र ही तपासणी करू नकोस, आकडा खोटा वाढलेला दिसतो.

पाळीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, आणि माझा खरा प्रश्न तोच आहे. तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का? सात दिवसांपेक्षा जास्त जातं का? मोठ्या गाठी पडतात का? ‘आईलाही असंच व्हायचं’ हे उत्तर मी खूप ऐकते. पण काही घरांत रक्त गोठण्यातला दोषच पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो, आणि सगळ्याजणींना तसंच होत असल्यामुळे तो कुणाच्या लक्षात येत नाही. असं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव. नुसत्या गोळ्या घेतल्यास तर भरलेलं लोह दर महिन्याला वाहून जाईल.

गोळी सुरू झाली तर ती चहा-कॉफीबरोबर घेऊ नकोस, मध्ये तास-दोन तास जाऊ देत. एका गोळीनंतर साधारण दिवसभर आतडं लोह कमी शोषतं, म्हणून एक दिवसाआड घेतली तरी चालते का, हे डॉक्टरांना विचार. शौचाला काळं होईल, घाबरू नकोस. हिमोग्लोबिन वाढलं तरी पुढे तीनेक महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, साठा भरायला वेळ लागतो. आणि फेरिटिन चांगलं निघालं तर लोह घेऊ नकोस. मग बी-12, थायरॉइड, झोप आणि मनःस्थिती यांच्याकडे बघायला हवं.

प्रश्न : मी मुलगा आहे, वय 21. हिमोग्लोबिन 10.8 आलं. वर्गातली मैत्रीण म्हणते, माझ्याकडच्या लोहाच्या गोळ्या घे. घेऊ का?

उत्तर : आत्ता नको. पुरुषात 13 च्या खाली म्हणजे रक्तक्षय, आणि तरुण मुलाचं हिमोग्लोबिन एवढं खाली का आलं, हे आधी शोधायलाच हवं. मूळव्याध, जंत, आतड्यातून नकळत होणारा रक्तस्राव, अन्नातलं लोह न शोषलं जाणं, यांपैकी काहीही असू शकतं. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून आलेला हिमोग्लोबिनचा सौम्य दोष, असेल तर लोहाची कमतरता नसतानाही आकडा कमी येतो, तिथे गोळ्यांचा उपयोग नाही. या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा, आणि शौचातून रक्त पडत असेल तर न लाजता सांग.