ज्या एरियाचा क्राइम रेट जास्त आहे तिथं भाड्यानं घर घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की घर छान आहे, भाडंही परवडतंय, पण नेटवर त्या एरियाचा क्राइम रेट शहराच्या सरासरीच्या दुप्पट दाखवतोय, ऑफिसातले म्हणतात तिकडे चुकूनही जाऊ नका, आणि धाकटी बहीण रोज रात्री दहाला कामावरून परतणार. माझं मत विचाराल तर नुसत्या त्या आकड्यावर घर सोडू नका, आणि दुसरीकडे आकडा कमी आहे म्हणून डोळे झाकून ते घरही घेऊ नका.

क्राइम रेट म्हणजे काय, तर लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे नोंदले गेले. यात पहिली गोची अशी की लोकसंख्या धरतात ती तिथं राहणाऱ्यांची, रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांची नाही. एरियात मोठं स्टेशन किंवा मार्केट असेल तर राहणारे मूठभर आणि येणारे-जाणारे लाखभर, दिवसभरात कुणाचं पाकीट मारलं जातं कुणाचा मोबाईल जातो, आणि भागाकार करताना खाली संख्या येते त्या मूठभरांचीच, मग रेट आभाळाला टेकणार नाही तर काय! मागच्या गल्लीत राहणाऱ्याच्या घरात कदाचित आजवर कुणी शिरलेलंही नसेल. दुसरी गोची "नोंदले गेले" या शब्दांत आहे. जिथं लोक तक्रार द्यायला जातात आणि पोलीस ती लिहून घेतात तिथला आकडा फुगतो, जिथं लोक "जाऊ दे, काय परत मिळणारे थोडंच" म्हणून घरी बसतात तो एरिया कागदावर एकदम सभ्य. इंग्लंडमध्ये १९८२ पासून सरकारी सर्व्हे होतो त्यात थेट लोकांनाच विचारतात की तुमच्या बाबतीत काय काय घडलं, कारण पोलिसांपर्यंत न गेलेलं बरंच काही त्यात बाहेर येतं.

आणि मुख्य म्हणजे अख्खा एरिया असा सरसकट वाईट नसतोच. १९८९ मध्ये अमेरिकेतले गुन्हेशास्त्रज्ञ लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिनियापोलिस शहरातल्या पोलिसांना आलेल्या कॉल्सचा हिशोब मांडला, तर निम्मे कॉल शहरातल्या फक्त ३ टक्के पत्त्यांवरून आलेले निघाले. नंतर इतर शहरांतही रस्त्यारस्त्याचा हिशोब झाला, तिथंही साधारण हेच चित्र, थोड्या ठिकाणी ढीगभर गुन्हे आणि बाकी रस्ते शांत. ऑफिसातल्यांना विचारा की नेमकी कुठली गल्ली, कुठला चौक, किती वाजता? बहुतेक जण एक ऐकीव किस्सा सांगतील आणि तोही कधीचा ते आठवणार नाही.

आता गुन्हा कुठला ते पण बघायला हवं. गाड्या चोरीला जात असतील तर तुमच्याकडे गाडी आहे का, पार्किंग बंदिस्त आहे का, एवढाच प्रश्न. घरफोड्या होत असतील तर मात्र तारखा बघा, कारण एक घर फुटलं की पुढचे काही आठवडे ते घर आणि आजूबाजूची घरं यांना धोका जास्त असतो, चोराला रस्ता माहीत झालेला असतो ना. त्याच बिल्डिंगमध्ये नुकतीच चोरी झाली असेल तर कुलूप-कडी बदलून घेतल्याशिवाय सामान हलवू नका. पण तुमची खरी काळजी बहिणीची आहे आणि तिच्या बाबतीत हे आकडे जवळजवळ कुचकामाचे आहेत. मागे मागे येणं, टोमणे, धक्का मारून जाणं, यातलं पोलीस स्टेशनपर्यंत फारच थोडं पोचतं. त्यामुळे तिथल्या बायकांना विचारा, पुरुषांना नको. पुरुष हमखास सांगतील "काही प्रॉब्लेम नाही हो", त्यांना नसतोच.

मग एकदा रात्री दहाच्या सुमाराला बस स्टॉपपासून त्या घरापर्यंत चालत जा. दिवे आहेत का एवढंच बघून येऊ नका, उजेड पडतोय कुठे ते बघा. मी असे रस्ते बघितलेत जिथं प्रत्येक खांबावर झगझगीत एलईडी, पण झाडं छाटलेली नाहीत, सगळा उजेड पानांवर आणि खाली फुटपाथवर काळोख, समोरून येणाऱ्याचा चेहरा पाच पावलांवर आला तरी दिसत नाही. कागदोपत्री तो रस्ता "प्रकाशित" असतो. उजेडाचा फरक पडतो हे नक्की, न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली चिठ्ठ्या टाकल्यासारख्या काही सरकारी वसाहती निवडून तिथं जादा दिवे लावले, तर रात्रीचे घराबाहेरचे गंभीर गुन्हे साधारण एक तृतीयांशाने घटले. कॅमेऱ्यांचं तेवढं खात्रीनं सांगता येत नाही, पार्किंगमध्ये उपयोग चांगला दिसलाय, बाकी ठिकाणी यथातथाच, त्यामुळे मालक कॅमेरे दाखवून भाव खायला लागला तर हुरळून जाऊ नका.

दिव्यांपेक्षाही मी माणसं बघतो. शिकागोतल्या वेगवेगळ्या वस्त्यांमध्ये संशोधकांनी लोकांना साधे प्रश्न विचारले होते, पोरं शाळा बुडवून कोपऱ्यावर टवाळक्या करत असतील तर इथलं कुणी हटकेल का, कुणी भिंती रंगवत असेल तर बोलेल का, वगैरे. १९९७ मध्ये निष्कर्ष आले, जिथं "हो, हटकतील" म्हणणारे जास्त तिथं हिंसाचार कमी, आणि गरिबीचा हिशोब वेगळा काढला तरी हा फरक उरतोच. म्हणून रंग उडालेल्या इमारती पण खिडक्या उघड्या, खाली म्हातारी मंडळी गप्पा मारत बसलीयेत आणि तुम्ही नवखे दिसलात की "कुणाकडे आलात?" विचारतात, अशा गल्लीला मी उंच कंपाऊंडच्या चकाचक सोसायट्यांमधल्या सुनसान रस्त्यापेक्षा कधीही जास्त मार्क देईन. चौकश्या लोकांचा वैताग येतो हे मान्य, बहिणीला तर जास्तच येईल, कोण सोडायला आलं होतं इथपर्यंत विचारतात. तो वैताग भाड्यात धरा.

तर दहाला चक्कर मारताना बहिणीला बरोबर घ्या, आणि शक्यतो ती दहा पावलं पुढे आणि तुम्ही मागे असं चाला, शेजारी तुम्ही असाल तर तिला तो रस्ता कळणारच नाही. एकदा सुट्टीच्या दिवशी पण जा, कारण दुकानांच्या जिवावर जागा असलेला रस्ता शटर पडली की वेगळाच होतो. स्टॉपवरून यायला दुसरी वाट आहे का, थोडी लांबची असली तरी चालेल, ते पण बघून ठेवा. आणि एवढं करून ती नको म्हणाली तर तिच्याशी आकड्यांवरून वाद घालत बसू नका, दुसरं घर शोधा, रोज रात्री त्या रस्त्यानं यायचंय तिला.