सुंगटं आणि तो जुना एक्स-रे

"बाय, सीटी स्कॅन केला की कॅन्सर होतो म्हणतात. खरं का?"

इस्पितळात समुपदेशक म्हणून बसते तेव्हा हा प्रश्न माझ्यासमोर सतत येतो. त्याचं उत्तर मी देतेच. पण विचारणाऱ्याच्या पोटात बहुतेकदा दुसराच प्रश्न असतो, आणि तो बाहेर येईपर्यंत थांबावं लागतं. हे मला इथल्या, गोव्यातल्या सावईवेरेकडच्या एका मावशींमुळे नीट कळलं. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

मावशी साठीच्या. घरचं कुळागर, आयुष्यभर पोफळीच्या बागेत राबलेलं शरीर. काही महिने पोट दुखत होतं, वजन उतरलं होतं. डॉक्टरांनी डाय (आतलं स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन पोटाचा सीटी स्कॅन करायला सांगितला. पहिल्या तारखेला त्या आल्याच नाहीत. दुसऱ्या तारखेला सुनेबरोबर पहाटेची बस पकडून आल्या, स्कॅनच्या दारापर्यंत गेल्या आणि मागे फिरल्या. टेक्निशियनने त्यांना माझ्याकडे आणून बसवलं.

बसल्या तेव्हा हात थरथरत होते. भीतीने असेल असं वाटलं, पण आदल्या रात्रीपासून त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता, आणि त्यांना मधुमेह. आधी शुगर तपासून घेतली, ती बरीच खाली आली होती. स्कॅन त्या दिवसापुरता बाजूला ठेवला आणि त्यांना चहा-बिस्किटं दिली. "उपाशी या" हे दोन शब्द ऐकून लोक कडक एकादशी करतात, याचं मला फार वाईट वाटतं. डायच्या स्कॅनसाठी सहसा काही तासच पोट रिकामं ठेवायचं असतं आणि साधं पाणी बहुतेक ठिकाणी चालतं. तारीख घेतानाच विचारावं: किती तास, पाणी चालेल का, मधुमेहाच्या गोळीचं काय करू? मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर हे विचारायलाच हवं. किडनी नीट असेल तर ती गोळी सहसा चालू राहते, किडनी कमजोर असेल तर थांबवतात. किडनी किती काम करते ते क्रिएटिनिन या रक्ततपासणीतून कळतं, म्हणून तिचा रिपोर्ट मागतात.

चहा झाल्यावर मावशींनी वरचा प्रश्न विचारला. मी आकडे सांगितले, कारण घाबरलेल्या माणसाला नुसतं "काही होत नाही" म्हटलेलं पटत नाही. किरणांचं माप मिलिसिव्हर्ट. जमीन, आकाश आणि हवेतला रेडॉन वायू यांच्याकडून प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. छातीचा एक एक्स-रे साधारण ०.१ चा. डोक्याचा सीटी २ च्या आसपास, पोटाचा ८ ते १०. म्हणजे मावशींना तीन-चार वर्षांचे किरण एका दिवसात मिळणार होते. त्याने पुढे कॅन्सर होण्याची शक्यता किंचित वाढते. शून्य आहे असं मी कुणालाच सांगत नाही. पण दुखण्याचं कारण शोधायला स्कॅन हवाच असेल, तर तो धोका फार लहान ठरतो. मशीन थांबलं की किरण संपले, अंगात काही साठत नाही. घरी जाऊन नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं. लहान मुलांच्या बाबतीत मात्र जास्त जपायचं, आणि दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तर ते सगळ्यात आधी सांगायचं.

(बेळगावला किंवा मुंबईला दुसरं मत घ्यायला जाताना लोक नुसता रिपोर्टचा कागद नेतात, सीडी घरच्या कपाटात राहते. मग तिथे पुन्हा स्कॅन, पुन्हा किरण, पुन्हा पैसे. सीडी न्या.)

मावशींनी सगळं ऐकलं, मान हलवली, पण उठल्या नाहीत. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "माझ्या दिराचा स्कॅन केला, आणि तीन महिन्यांत तो गेला."

हा खरा प्रश्न. दीर गेला तो आजाराने. स्कॅनमध्ये तो आजार दिसला, इतकंच. मी ते सांगितलं, पण आधी दिराविषयी बोलू दिलं. कुळागरात पाणी कसं सोडायचे, शेवटच्या दिवसांत काय मागायचे. बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता.

जाता जाता सून म्हणाली, "आणि ह्यांना सुंगटं बाधतात. शेजारी म्हणतात, मासळी बाधते त्यांना डाय चालत नाही." सुंगटं म्हणजे कोळंबी. अर्जावर ॲलर्जीच्या रकान्यात तेवढंच लिहिलं होतं. आमच्या गोव्यात ही समजूत घरोघरी आहे. डायमध्ये आयोडीन असतं आणि समुद्राच्या मासळीतही असतं, म्हणून तर्क जुळतो. पण सुंगटं बाधतात ती त्यांच्यातल्या प्रथिनामुळे, आयोडीनमुळे नव्हे. सुंगटं बाधतात तेवढ्यावरून डाय नाकारायची गरज नसते.

"ॲलर्जी" या शब्दाला बहुतेक लोक खाण्याच्या वस्तूच सांगतात. म्हणून मी वेगळं विचारलं, "मावशी, कधी सुई टोचल्यावर अंगावर काही उठलं होतं?"

त्या सहज म्हणाल्या, "हो की. मुतखड्याच्या वेळी. शिरेतून औषध घालून फोटो काढले होते. अंगभर गांधी आल्या, ओकारी झाली, दम लागला. पण तो एक्स-रे होता गो, स्कॅन नव्हता."

मी पेन खाली ठेवलं. किडनीच्या त्या एक्स-रेत शिरेतून देतात तोही आयोडीनचाच डाय. नावं वेगळी, औषध त्याच कुळातलं. सगळं घर सुंगटांची चिंता करत होतं, आणि सांगायलाच हवी अशी गोष्ट कुणी सांगितली नव्हती, कारण कुणी तशी विचारलीच नव्हती. त्यात आमचीही चूक होती. मी लगेच रेडिओलॉजिस्टना फोन केला.

त्यांनी मावशींशी स्वतः बोलून घेतलं. डायशिवाय भागेल का याचा विचार झाला, भागणार नव्हतं. तेव्हाचे डाय जुन्या पद्धतीचे होते, आजच्यांनी असा त्रास खूप कमी होतो, हे त्यांनी समजावलं. तरीही आदल्या दिवसापासून गोळ्या दिल्या, शुगरवर लक्ष ठेवायला सांगितलं, आणि स्कॅनच्या वेळी डॉक्टर शेजारी राहतील असं ठरलं.

तिसऱ्या तारखेला मी दारापर्यंत सोबत गेले. मशीन बोगद्यासारखं नाही, मोठ्या कड्यासारखं आहे हे त्यांना आधीच दाखवलं होतं. मंगळसूत्र काढताना त्या थबकल्या. धातूची सावली फोटोत येते म्हणून काढायचं, दुसरं काही नाही, असं सांगितल्यावर त्यांनी ते सुनेच्या हातात दिलं. डाय शिरला की अंगातून गरम लाट जाईल, तोंडाला लोखंडासारखी चव येईल, लघवी झाल्यासारखं वाटेल. झालेली नसते, मिनिटभरात सगळं ओसरतं. पण घसा आवळला, खाज सुटली किंवा सुईपाशी हात सुजला, तर "सहन करीन" असं म्हणायचं नाही, लगेच हाक मारायची. टेक्निशियन काचेपलीकडे जातो, पण त्याला सगळं दिसतं, ऐकू येतं.

काही मिनिटांत बाहेर आल्या. "गरम आलं, तू सांगितलं तस्संच," एवढंच म्हणाल्या. अर्धा तास बसवून ठेवलं, काही उठलं नाही. रिपोर्टात काय आलं ते इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

पुढच्या खेपेला सुनेने फाइल पुढे केली. पहिल्याच पानावर लाल शाईने, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: "किडनीच्या एक्स-रेच्या डायने गांधी, ओकारी, दम. सुई देण्याआधी वाचा."