रात्रीची गोळी, सकाळची गुंगी

प्रश्न : माझ्या ७४ वर्षांच्या आईला निद्रानाशासाठी नायट्राझेपाम सुरू आहे. झोप लागते, परंतु सकाळी सारसबागेत फिरताना तिचा तोल जातो. रात्रीच्या गोळीचा परिणाम इतका वेळ कसा टिकतो?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : नायट्राझेपाम हे बेन्झोडायझेपाइन गटातील जुने औषध, १९६०च्या दशकातले. मेंदूतील चेतापेशींना शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा प्रभाव ते वाढवते, त्यामुळे झोप लागते. मात्र त्याच क्रियेने स्नायूही सैलावतात. खरी अडचण त्याच्या रेंगाळण्यात आहे. रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण २४ ते ३० तास लागतात आणि उतारवयात त्याहूनही अधिक, म्हणजे आदल्या रात्रीची जवळजवळ अर्धी मात्रा अंगात असतानाच दुसरी गोळी पोटात जाते आणि काही दिवसांत औषध साठत जाते. जुन्या वाड्यातले उभे जिने उतरणाऱ्या वृद्धांना मला हे औषध फारसे योग्य वाटत नाही. तरीही गोळी परस्पर बंद करू नये. अचानक थांबवल्यास झोप पूर्ण उडते, अस्वस्थता वाढते, क्वचित आकडीचे झटकेही येतात. तोल जातो हे डॉक्टरांना लगेच सांगावे आणि मात्रा त्यांच्याच देखरेखीखाली हळूहळू कमी करावी.