लंबकाचं ९.७२ आणि सरांचं ९.८

प्रश्न : मी इंदूरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. साध्या लंबकाच्या प्रयोगात माझं जी (गुरुत्वीय त्वरण, मीटर/सेकंद² मध्ये) ९.७२ आलं. सरांनी ‘९.८ हवं’ असा शेरा मारून मार्क कापले. मैत्रिणीने दोन रीडिंग बदलून ९.८० आणलं, तिला पूर्ण मार्क! लांबी १०० सें.मी., वीस आंदोलनांना ४०.३, ४०.१, ४०.५, ४०.२, ४०.४ सेकंद. माझं कुठे चुकलं?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : बाळ, तुझी पाचही रीडिंग वेगळी आहेत हे बघूनच बरं वाटलं. प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं काढली, पाचही वेळा ४०.३ लिहिलेली जर्नलं खूप तपासली. बटण दाबणारा अंगठा इतका शहाणा नसतो.

तुझी सरासरी ४०.३. प्रमाण विचलन, म्हणजे रीडिंग सरासरीभोवती किती पसरली त्याचं माप, ०.१६, त्याला पाचाच्या वर्गमुळाने भागलं की ०.०७ सेकंद, म्हणजे ०.१८ टक्के. सूत्रात वेळेचा वर्ग आहे, म्हणून जी मध्ये ते दुप्पट होऊन ०.३५ टक्के. लांबीचं तू नुसतं ‘१००’ लिहून मोकळी झालीस. बॉबच्या (दोऱ्याला टांगलेल्या गोळ्याच्या) मध्यापर्यंत पट्टी धरताना २ मि.मी. इकडेतिकडे होतातच. ही टोकाची मर्यादा, म्हणून तिला तीनाच्या वर्गमुळाने भागायचं : ०.१२ टक्के. आता दोन्हींची सरळ बेरीज नाही, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ. ०.३७ टक्के, म्हणजे ०.०३६. सुमारे ९५ टक्के खात्री हवी तर दुप्पट. तुझं उत्तर : ९.७२ ± ०.०७.

सरांचं ९.८ कुठलं? ९.८०६६५ हा १९०१ साली ठरवून घेतलेला प्रमाण आकडा. इंदूर विषुववृत्ताच्या त्या मानाने जवळ, शिवाय समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, इथे ९.७९ च्या आसपास येतं. म्हणजे तुझं उत्तर बसतं, पण अगदी उंबरठ्यावर उभं राहून. तिथेच मला शंका येते.

लांबी बॉबच्या मध्यापर्यंत मोजलीस की हुकापर्यंत? जी कमी आलं की आधी लांबी कमी धरली का ते बघावं. बॉबची त्रिज्या १ सें.मी. असेल आणि ती राहून गेली असेल, तर खरं उत्तर ९.८२ होतं. ही चूक शंभर रीडिंग घेऊनही सरासरीत विरघळत नाही, कारण ती दर वेळी त्याच बाजूला ओढते. (आणि पंखा बंद होता ना? आम्ही मे महिन्यातही घामाघूम होऊन बंद ठेवायचो.)

सोमवारी व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं उपकरण) मागून बॉबचा व्यास मोज. जर्नलमधलं ९.७२ मात्र खोडू नकोस. खाली तारीख घालून नवं लिही, आणि काय आलं ते मला कळव.